आमच्या घरातले तीन लोफर

आमच्या अण्णांना शिव्या देता येत नाहीत. बत्तीस वर्षे ज्या माणसाने सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळली, त्याच्या तोंडून रागातसुद्धा शब्द नोंद होऊनच बाहेर पडावेत, यात नवल नाही. मात्र फारच संतापले की एक शब्द हटकून निघे—‘लोफर’! शाळा बुडवून मी आर. के. स्टुडिओच्या फाटकाशी नटनट्यांच्या मोटारी बघत उभा राहिलो, तेव्हा लोफर ठरलो. केस कानांवर आले तेव्हा लोफर ठरलो. एकदा तर खिशात हात घालून, शीळ वाजवीत जिना चढलो, एवढ्याच अपराधासाठी लोफर ठरलो. पुढे मी एम. ए. झालो, कॉलेजात मराठी शिकवू लागलो, त्याच कानांवरचे केस पांढरे झाले, आणि अण्णांनी दिलेली ती पहिली पदवी विस्मरणात गेली.

म्हणूनच गेल्या माघात जे घडले ते सांगण्यासारखे आहे. भाचीचे लग्न वैशाखात ठरले होते आणि घरात खरेदीच्या याद्या चालल्या होत्या. होता होता माझ्या पायांचा विषय निघाला. चिरंजीवांनी माझ्या जुन्या काळ्या बुटांकडे एकदाच पाहिले आणि निकाल दिला, “बाबा, तुम्हाला आता लोफरच शोभतील.”

खिडकीपाशी अण्णांच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले. “कोणाला म्हणतोस रे लोफर? बापाला?”

चिरंजीव गडबडून गेले. “आजोबा, बूट! बुटांचं नाव आहे ते. नाडी नसते ना, त्यांना लोफर म्हणतात.”

“बुटाला नाडी नाही?” अण्णा म्हणाले. “मग बरोबर नाव ठेवलंय.” आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेले.

मराठी शिकवणे हाच ज्याचा धंदा, त्याच्या हाती असा एखादा शब्द लागला की तो खरेदी सोडून शब्दाच्या मागे लागतो. माझेही तेच झाले. लोफर म्हणजे रिकामटेकडा, भटक्या. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रुळला आणि साहेबाबरोबर इकडे आला. गंमत अशी, की इथे त्याचे पहिले मानकरी आपण नव्हतो. नोकरी सुटलेले गोरे शिपाई, जहाजावरून उतरून परत न गेलेले गोरे खलाशी आपल्या शहरांतून भीक मागत हिंडत, त्यांना त्यांचेच भाईबंद लोफर म्हणत. अशा गोऱ्या भटक्यांसाठी १८७४ साली सरकारला खास कायदा करावा लागला. साहेब गेला, शब्द मात्र मागे राहिला, आणि चाळीचाळींतल्या वडीलमंडळींनी तो आपल्या मुलांसाठी राखून ठेवला. १९७३ साली धर्मेंद्र आणि मुमताज यांचा ‘लोफर’ चित्रपट आला, तेव्हा त्याचा अर्थ कोणालाही कोशात पाहावा लागला नसेल.

आणि आमचे चेंबूर तर अशा नायकाचे माहेरच! राज कपूरच्या आर. के. बॅनरने १९५१ साली ‘आवारा’ दिला, १९५५ साली ‘श्री ४२०’ दिला. ‘श्री ४२०’मधला खिसा रिकामा आणि बूट फाटके असलेला तो भटक्या चेंबूरच्या जुन्या माणसांना घरचा वाटे. त्या स्टुडिओला २०१७ साली आग लागली, पुढे जागा विकली गेली, आणि मी जिथे शाळा बुडवून उभा राहत असे तिथे आता मोठ्या इमारती आहेत.

आता या शब्दाचा बूट कसा झाला? नॉर्वेत आउरलँड नावाचे खोरे आहे. तिथल्या जोडे करणाऱ्या एका कारागिराने १९३० च्या आसपास पायात नुसता सरकवायचा, नाडी नसलेला चामडी जोडा तयार केला. युरोपात हिंडणाऱ्या अमेरिकनांना तो आवडला. अमेरिकेतल्या बास कंपनीने १९३६ साली तसाच जोडा काढला आणि ‘नॉर्वेजियन’ या शब्दाचे पुढचे टोक छाटून त्याला ‘वीजन’ असे नाव दिले. कामधाम नसताना, आरामात बसताना घालायचा म्हणून तो लोफर. त्याच्या वरच्या पट्टीला मध्ये एक चीर असते. कॉलेजातली मुले तिच्यात एक पेनी खोचून ठेवीत असे सांगतात, आणि त्यावरून त्याला ‘पेनी लोफर’ म्हणतात. १९५३ साली इटलीतल्या गुची कंपनीने त्या पट्टीच्या जागी घोड्याच्या लगामातल्या कडीसारखी धातूची कडी बसवली, आणि घरात घालायचा हा जोडा बड्या लोकांच्या कचेऱ्यांत जाऊन बसला. तिसरा प्रकार गोंडेवाला. कोणाला आवडेल ते त्याने घ्यावे.

जेवताना मी ही सगळी माहिती घरच्यांना ऐकवली. सौभाग्यवतींनी आमटी वाढता वाढता विचारले, “एवढं नॉर्वेपर्यंत कशाला जायचं? आपल्याकडे नाडीचा जोडा होता तरी कधी?”

मी हातातला घास हातातच ठेवला. खरोखरच, होता कधी? पुणेरी जोडा घ्या, त्याला नाडी नाही. कोल्हापुरी चपलेला नाडी नाही. याच कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ साली प्राडा या इटालियन कंपनीने तसल्याच चपला मिलानमध्ये मिरवल्या, तेव्हा केवढा गहजब झाला! खडावांना नाडी नाही. आणि आमचे आजोबा धोतराखाली जे काळे चकचकीत पंपशू घालीत, त्यांनाही नाडी नव्हती. याचे कारणही उघड आहे. आपण देवळात जोडा काढतो, घरात काढतो, सत्यनारायणाला, बारशाला, समाचाराला गेलो तरी उंबऱ्याबाहेर काढतो. ज्याला दिवसातून दहा वेळा जोडा काढायचा-घालायचा, त्याला नाडी कशी परवडावी? नाडीचा बूट आपल्याकडे आला तो पलटणीतून, साहेबी शाळांतून आणि कचेऱ्यांतून. म्हणजे जिथे जोडा पायातच ठेवायचा असतो अशा जागांतून. अण्णा त्याच कचेरीचे. त्यांच्या लेखी नाडी म्हणजे शिस्त. पंपशू घालणाऱ्या बापाचा मुलगा नाडीच्या बुटात गेला, ही त्यांच्या मते घराण्याची प्रगती होती.

रविवारी सकाळी आमच्या गॅलरीत वर्तमानपत्र पसरून अण्णा बुटांना पॉलिश करीत. आधी कोरडा ब्रश, मग मलम, मग पुन्हा ब्रश, शेवटी जुन्या बनियनचा तुकडा. नाड्या काढून वेगळ्या धूत. शाळेच्या पहिल्या दिवशी टिळकनगरच्या आमच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात माझ्या पायांशी उकिडवे बसून त्यांनी मला गाठ मारायला शिकवले होते. “एक फूल, दोन फूल, आणि आता घट्ट. सुटली तर दिवसभर कोणी बांधून देणार नाही.” ती इमारत पडून तिथे आता टॉवर उभा आहे. गाठ मात्र अजून तशीच मारता येते.

असो. एका शनिवारी सकाळी मी चिरंजीवांना घेऊन चेंबूर स्टेशनजवळच्या बाजारात गेलो. चिरंजीवांनी वाटेत मला नियम सांगितले आणि ते मी इथे लिहून ठेवतो, कारण ते खोटे नाहीत. पँटची मोहरी बुटावर गोळा होता कामा नये, जेमतेम टेकावी. पट्टा आणि बूट एका रंगाचे असावेत. कडी किंवा गोंडा असेल तर तो एकच दागिना समजावा, दुसरे काही चकचकीत घालू नये. लग्नातल्या बंदगळ्याला काळा किंवा गर्द तपकिरी, कॉलेजात तपकिरी. कुरत्यावरही चालतो, पण मग तो साधा असावा. आणि मोजे असे घालावेत की ते दिसू नयेत.

हा शेवटचा नियम मी घरी सांगितला तेव्हा अण्णा म्हणाले होते, “घालायचे, आणि दिसू द्यायचे नाहीत? मग माणसाने मोजे घातलेत हे कळणार कसं?”

दुकानदार मोठा गोड माणूस होता. मला तपकिरी पेनी लोफर आवडले. एक जोड पायाला जरा घट्ट वाटला. “अर्धा नंबर मोठा घ्या सर,” तो म्हणाला, “आरामात राहाल.” वयाची पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला आराम हा शब्द फार लवकर पटतो. मी अर्धा नंबर मोठा घेतला.

त्याचे फळ मंगळवारी मिळाले. टिळकनगर स्टेशनचा जिना मी उतरत होतो आणि पनवेलची गाडी फलाटाला लागलेली होती. धावलो. डब्याच्या दांड्याला हात लागला, उजवा पाय आत पडला, डावाही आला. मात्र डावा लोफर आला नाही. तो फलाटावरच थांबला. गाडी हलली आणि गर्दीतून माझ्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्याने तो उचलून उंच धरला. “सर, जोडा!” सगळा डबा माझ्या पायाकडे पाहू लागला. मोजा न दिसणाऱ्या जातीचा असल्यामुळे पाय जवळजवळ उघडाच होता.

पुढच्या स्टेशनवर, म्हणजे चेंबूरला, मी उतरलो आणि बगळ्यासारखा एका पायावर भार देऊन खांबाशी उभा राहिलो. मागच्या गाडीने शिष्य आला. दोन्ही हातांत लोफर धरून, मान लववून म्हणाला, “सर, भरताची आठवण झाली.” रामायण मी वर्गात इतके परिणामकारक शिकवले असेल याची मला कल्पना नव्हती.

ही हकिकत रात्री घरी सांगितली आणि अण्णा हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहू लागल्या. आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आले, की अण्णा असे हसल्याला फार दिवस झाले.

दोन वर्षांपूर्वी अण्णा न्हाणीघरात घसरले. खुब्याचे हाड मोडले, सांधा बदलावा लागला. त्या वेळी ते एकोणऐंशी वर्षांचे होते. चालू लागले, काठीने का होईना, पण नीट चालू लागले. फिरायला जाणे मात्र हळूहळू थांबले. पूर्वी संध्याकाळी पाच वाजले की बूट चढवून ते मैदानावरच्या बाकावर आपल्या मंडळींत जाऊन बसत. आता विचारले तर म्हणत, “आज ऊन आहे.” कधी म्हणत, “आभाळ आलंय.” कधी म्हणत, “त्या लोकांच्या त्याच त्या गप्पा.” म्हातारपण म्हणून आम्ही सोडून देत होतो. मी तर माणसांच्या मनांचे बारकावे मुलांना कवितेतून समजावून सांगण्याचा पगार घेतो. पण मीही सोडून देत होतो.

मंगळवारच्या त्या हसण्यानंतर दोन-तीन दिवसांतच मी कॉलेजातून लवकर आलो. दार उघडेच होते. अण्णा बाहेरच्या खुर्चीत बसले होते. अंगात बाहेर जायचा सदरा होता, काठी भिंतीला टेकलेली होती, आणि दोन्ही पाय बुटांत होते. नाड्या सुटलेल्या होत्या. त्यांचा एक हात गुडघ्याच्या खाली कुठेतरी अधांतरी थांबला होता. डॉक्टरांनी फार वाकू नका असे बजावले होते, आणि आता वाकायचे म्हटले तरी जमत नव्हते. नाडी आणि बोटे यांत वीतभर अंतर राहिले होते.

मला पाहताच ते ताठ झाले. “बुटात खडा गेला होता,” ते म्हणाले.

मी पिशवी ठेवली, खाली बसलो आणि नाडी हातात घेतली. अण्णांनी पाय मागे ओढला. बोलले ते अगदी हळू, पण असे बोलले की मी नाडी सोडून दिली. “नको. नमस्काराला वाकतोस ते निराळं. हे नको.”

“मग चप्पल घाला ना अण्णा.”

“चप्पल घालून मी घराबाहेर पडलोय कधी? आणि मागून उघडं काही घालू नका, असं तुझ्याच डॉक्टरांनी सांगितलंय.”

तेही खरेच होते. सैल, टाचेला आधार नसलेली चप्पल म्हाताऱ्या माणसाला पाडते. म्हणजे ऊन नव्हते, आभाळ नव्हते, आणि गप्पाही नव्हत्या. दोन वर्षे हा माणूस दोन नाड्यांनी घरात बांधला गेला होता, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

रात्री मी माझे लोफर काढून पाहत बसलो. अण्णांना हेच आणून दिले तर? पण जो जोडा माझ्या पायातून फलाटावर राहिला, तो त्यांच्या पायातून जिन्यात राहील, या विचाराने अंगावर काटा आला. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, विकतचा कशाला? मापाचा करून घ्या. ठक्कर बाप्पा कॉलनी काय लांब आहे?”

आमच्या चेंबूर-कुर्ल्याच्या सीमेवर ही ठक्कर बाप्पा कॉलनी आहे. मुंबईत जोडे तयार होण्याची ही मोठी जागा. अरुंद गल्ल्या, वर चढणाऱ्या लोखंडी शिड्या, माळ्यावर माळे, आणि माळ्यामाळ्यावर चामडे, सरस आणि ठोकण्याचा आवाज. इथली बरीच कुटुंबे मूळची राजस्थानातली. शहरभरच्या दुकानांत झगमगणाऱ्या कितीतरी जोड्यांचा जन्म इथला, पण जोड्यावर नाव दुसऱ्याचेच.

रविवारी सकाळी अण्णांना रिक्षात बसवले. नाड्या बांधण्याचा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्या तशाच बुटात खोचून टाकल्या आणि पँटची मोहरी वरून ओढून घेतली. कुठे चाललो ते ऐकल्यावर त्यांची कळी खुलली.

“ठक्कर बाप्पा कोण माहीत आहे का तुला?” ते म्हणाले. “अमृतलाल ठक्कर. भावनगरचा माणूस, पण इंजिनिअर झाला पुण्याला. आपल्या सांगली संस्थानातही नोकरी केली त्यानं. मग मुंबई म्युनिसिपालिटीत आला. शहराचा कचरा कुर्ल्याकडे वाहून नेणाऱ्या रेल्वेचं काम त्याच्याकडे होतं. तिथं सफाई कामगार कसे राहतात ते त्यानं पाहिलं आणि १९१४ साली चांगली नोकरी सोडून गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेला. पुढे जन्मभर हरिजनांचं आणि आदिवासींचं काम केलं.” थोडे थांबून म्हणाले, “आम्ही फाइलवर पाहिलं आणि फाइल पुढे पाठवली.”

कारागीर माझ्याच वयाचा असेल. आम्ही काम सांगितले. त्याने अण्णांना खुर्चीवर बसवले, स्वतः खाली फरशीवर बसला, बूट-मोजे काढले, कागद पसरला आणि अण्णांना उभे केले. पेन्सिलीने पावलाभोवती रेघ काढली. मग फीत घेतली. बोटांच्या मुळाशी, पावलाच्या उंचवट्यावर, टाचेपासून वर, अशी मापे घेतली. दोन्ही पायांची वेगवेगळी. ऑपरेशन झालेला उजवा पाय थोडा सुजलेला निघाला.

“सकाळी माप घेतलं ते बरं नाही झालं,” तो हिंदी-मराठी मिसळून म्हणाला. “संध्याकाळी पाय फुगतो. जूता नेहमी शाम को घ्यायचा. मी थोडं धरून घेतो.” मग माझ्या पायांतल्या लोफरकडे पाहून त्याने तर्जनी टाचेत घातली. ती आत सहज फिरली. “हे कोणी दिलं तुम्हाला? साहब, फीतेवाला जूता ढीला असला तरी फीता संभाळून घेतो. याला फीता नाही. हा आपल्या नापानेच पायात राहिला पाहिजे. पहिल्या दिवशी घट्ट पाहिजे, पण दुखता कामा नये. चमडा रुंदीला पसरतो, लांबीला नाही.”

आठ वर्षे कॉलेज आणि वीस वर्षे नोकरी करून जे कळले नाही, ते त्या माणसाने एका वाक्यात सांगितले. आणि ते जोड्यापुरतेच नाही. पण तो विस्तार मी वाचकांवर सोपवतो.

त्याने कलबुतांच्या ढिगातून एक लाकडी कलबूत काढले आणि त्यावर चामड्याचे दोन तुकडे चिकटवून अण्णांच्या पायासारखा उंचवटा केला. टाचेला कडक पट्टी घालायची, तळ रबराचा आणि पातळ, कारण चामड्याचा तळ ओल्या लादीवर घसरतो. पट्टीच्या खाली दोन्ही बाजूंना आतून इलास्टिक, म्हणजे पाय सहज जाईल आणि गेल्यावर धरून ठेवील. वर साधी पट्टी. गोंडा नको, कडी नको.

“ह्याला म्हणतात काय?” अण्णांनी विचारले.

“लोफर, बाबूजी.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

परत येताना रिक्षात ते बराच वेळ बोलले नाहीत. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा म्हणाले, “तो माणूस माझ्या पायाशी बसला, पाय मांडीवर घेतला, मला काही वाटलं नाही. तू बसलास तेव्हा वाटलं. असं का रे?”

मला उत्तर देता आले नाही. म्हणजे उत्तर येत होते, पण तोंडातून निघेना. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण मी कित्येक वर्षे वर्गात फळ्यावर लिहीत आलो आहे. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. ती म्हण कोणी केली, कोणाविषयी केली, आणि ज्यांनी त्या वहाणा शिवल्या त्यांच्या मुलांना माझ्या वर्गात बसून ती लिहून घेताना काय वाटत असेल, हे मी कधी विचारले नव्हते. आपल्या पायाशी कोणी बसावे आणि कोणी बसू नये, हे आपण न शिकवताच शिकलेलो असतो. अण्णांनी एक्क्याऐंशीव्या वर्षी तो प्रश्न स्वतःला विचारला. माझा तर अजून राहिलाच होता.

पंधरा दिवसांनी जोडा आणायला गेलो, संध्याकाळी. कारागीर खाली बसू लागला तसा अण्णांनी काठीने बाजूचे स्टूल पुढे सरकवले. “आप यहाँ बैठिए,” त्यांनी आपल्या कचेरीतल्या हिंदीत सांगितले. तो संकोचला, पण बसला. चिरंजीवांनी लांब दांड्याची, बूट चढवायची पट्टी आणलेली होती. अण्णांनी ती टाचेमागे धरली आणि पाय सरकवला. थोडा अडला, मग ‘फट्’ असा आवाज होऊन बसला. दुसराही बसला. अण्णा उठले, त्या माळ्यावर चार पावले गेले, चार पावले आले. कारागीर स्टुलावरून त्यांच्या टाचांकडे पाहत होता. टाच उचलताना जोडा सुटतो का, एवढेच त्याला पाहायचे होते. सुटला नाही. अण्णांनी त्याच्यासमोर हात जोडले. मग म्हणाले, “हमारे लड़के का भी नाप लीजिए. वो रास्ते में जूते छोड़ता है.”

अशा रीतीने माझाही मापाचा जोडा झाला, आणि चिरंजीवांचा तर आधीपासून होताच. सौभाग्यवतींनी तिन्हींवर एकच कायदा लावला आहे. एक दिवस घातला की दुसऱ्या दिवशी विश्रांती. भिजला तर आत जुनी वर्तमानपत्रे कोंबून सावलीत वाळवायचा, उन्हात नाही. पावसाळ्यात कोणीही चामडे बाहेर काढायचे नाही, नाहीतर मुंबईच्या हवेत महिनाभरात त्याच्यावर बुरशी उगवते. रविवारचे पॉलिश अण्णांकडे. आता ते टेबलावर जोडे ठेवून, खुर्चीत बसून करतात. नाड्या धुण्याचे काम तेवढे गेले, याची त्यांना थोडी हळहळ आहे.

लग्नाच्या दिवशी सकाळी घरात नेहमीची धांदल होती. अण्णा तयार होऊन खुर्चीत बसले होते. लोफर समोर ठेवलेले होते, पट्टी हातात होती, पण ते काही हलत नव्हते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी हातातले मोजे पुढे केले. मोज्यांसाठी वाकावे लागतेच. रोज ते आतल्या खोलीत दार लोटून, काठीच्या टोकाने आणि चिमट्याने काहीतरी खटपट करून ते चढवीत, हे मला पुढे कळले.

“एवढे तू घाल,” ते म्हणाले. आणि पाय पुढे केला.

मी खाली बसलो. दोन्ही मोजे घातले, टाचेवर नीट बसवले. अण्णा माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचा हात मात्र माझ्या खांद्यावर होता. तोल सांभाळायला असेल.

कार्यालयाच्या दाराशी नेहमीचा देखावा होता. पायऱ्यांवर बंदगळ्यातली, सुटातली मंडळी एका पायावर उभी राहून नाड्यांशी झगडत होती. कोणाची गाठ बसली होती, कोणी मेहुण्याचा खांदा धरला होता. आत भटजींचा आवाज चढला होता. आम्ही तिघांनी पाय झटकले आणि आत गेलो. अक्षता वाटणाऱ्या मुलापाशी सर्वांत आधी अण्णा पोहोचले.

जेवणे झाल्यावर बाहेर पडताना अण्णांच्या कचेरीतले एक जुने स्नेही भेटले. त्यांनी अण्णांच्या पायांकडे पाहिले. “वा! हल्ली मुलं घालतात ते लोफर का हे?”

“छे!” अण्णा म्हणाले. “पंपशू आहेत. आमच्या वडिलांचे होते तसे.”

आणि ते पायऱ्या उतरू लागले. एक हात काठीवर होता, दुसरा खिशात. फक्त शीळ वाजवायची बाकी होती. मला लहानपणचा तो शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि त्यांच्यामागून पायऱ्या उतरलो.